तिची कागदपत्रं

नैसर्गिक लॅटेक्सची गादी घरात येते तेव्हा आधी तिचं वजन जाणवतं. सहा इंच जाड, डबलबेडच्या मापाची ही बाई ३५ ते ४० किलोंची सहज भरते. ओझ्याची सवय असलेली दोन माणसंही जिन्याच्या वळणावर थांबून दम घेतात, कारण ती ताठ राहत नाही. मधोमध वाकते, हातांतून ओघळते, भिंतीला टेकवून उभी केली तर हळूहळू खाली बसते. तेवढ्याच मापाची ३२ डेन्सिटीची साध्या फोमची गादी एकटा हमाल डोक्यावर घेऊन चार मजले चढतो. लॅटेक्सची म्हणून घेतलेली गादीही तशीच चढली, तर तिच्या पोटात भलतंच काहीतरी आहे असं खुशाल समजावं. वजन हा तिचा पहिला दाखला, आणि तो मागायला कुणाकडे जावं लागत नाही.

स्वभावाने ती डूख न धरणारी. मेमरी फोमवर तळवा दाबून उचलला की ठसा थोडा वेळ रेंगाळतो. ही हात उचलता उचलताच पूर्ववत होते. रात्रभर कूस बदलणाऱ्यांचं तिच्याशी चांगलं जमतं. झोपेत रुतून पडायला आवडतं त्यांना मात्र ती उद्धट वाटते, कारण ती अंगाला सतत परत ढकलत असते. नवी असताना तिला रबराचा वास येतो, थोडा गोडसर, थोडा गंधकाचा. खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत तो ओसरतो. ज्यांना रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हिला घरात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण ती अ‍ॅलर्जी चिकातल्या प्रथिनांची असते आणि ही त्याच चिकाची आहे.

आपल्याकडच्या रीती तिला मानवत नाहीत. कापसाच्या गादीला वर्षातून एकदा तरी गच्चीवर ऊन दाखवायचं, पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घ्यायचा, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. हिला उन्हात घातलं तर अतिनील किरणांनी रबर पिवळं पडतं, वरचा थर कडक होतो आणि पुढे त्याचा भुगा पडायला लागतो. सामानाची पेटी असलेल्या पलंगाच्या सलग प्लायवर तिला टाकून पावसाळाभर हलवलंच नाही, तर कोकणात काय आणि मुंबईत काय, खालच्या अंगाला बुरशी धरते. तिला खालून हवा लागते. फळ्याफळ्यांचा पलंग हवा, नाहीतर प्लायला भोकं तरी पाडून घ्यावीत.

खोळीची झिप उघडली की तिचं खरं रूप दिसतं: दुधाळ पिवळट रंग आणि अंगभर ओळीने भोकं. ही भोकं हवेसाठीच पाडलेली असतात, असं दुकानात सांगतात. त्यांतून हवा खेळते हे खरं, पण मूळ कारण वेगळं. रबराच्या फेसातून उष्णता लवकर आत जात नाही. म्हणून साच्यालाच धातूच्या खुंट्या लावलेल्या असतात, त्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचवतात आणि गादी आतूनही शिजते. खुंट्या निघाल्या की भोकं उरतात.

तिचं मूळ ब्राझीलचं. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ साली ॲमेझॉनच्या जंगलातून रबराच्या झाडाचं सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू बागेत नेलं. त्यातलं थोडंच रुजलं, पण त्या रोपांचा वंश श्रीलंकेमार्गे आशियाभर पसरला. आपल्याकडे व्यापारी लागवड सुरू झाली ती १९०२ साली, केरळात पेरियार नदीच्या काठी. रबर बोर्डाचं मुख्य कार्यालय आजही कोट्टायमला आहे. महाराष्ट्रात तिचं माहेर शोधायचं तर सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे जावं लागेल. केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी तिथे रबराच्या बागा उभ्या केल्या.

लावल्यावर साधारण सात वर्षांनी झाड चीक देण्याजोगं होतं. कामगार पहाटे, अंधार असतानाच बागेत शिरतो, कारण त्या वेळी खोडातला दाब जास्त असतो आणि चीक नीट वाहतो. सालीवर तिरका, अर्ध्या खोडाला वळसा घालणारा काप घ्यायचा, खाली करवंटी बांधायची. काप उथळ गेला तर चीक कमी, खोल गेला तर झाड जायबंदी. आपल्या देशातलं बहुतेक रबर पुढे टायरच्या धंद्यात जातं. गादीसाठी मात्र चीक पातळच राहायला हवा. म्हणून त्यात अमोनिया घालतात, यंत्रात गरगर फिरवून पाणी काढतात आणि रबराचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत आणतात. झाडातून निघताना ते ३०-४० टक्केच असतं.

या चिकाचा फेस करून गादी करायची युक्ती १९२९ सालची, बर्मिंगहॅममधल्या डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेतली. ई. ए. मर्फी या संशोधकाने केक फेटायच्या यंत्रात चीक फेटला, असं सांगतात. फेटलेला चीक साच्यात ओतायचा, गोठवणारं रसायन घालायचं, वाफेवर पक्का करायचा, मग धुऊन वाळवायचा. डनलॉप पद्धत ती हीच. त्यातूनच आलेलं डनलपिलो हे नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की पुढे कुठल्याही फोमच्या गादीला लोक डनलॉपची गादी म्हणू लागले. दुसरी पद्धत टलाले. आडनाव राजापूरकडचं वाटतं, पण घराणं मूळ रशियाचं. यात साचा अर्धवट भरतात, हवा खेचून फेस फुगवतात, गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग तापवतात. टलाले मऊ आणि सगळीकडे सारखी. डनलॉप जड, खालच्या अंगाला थोडी जास्त घट्ट. दोन्हींत अस्सलही मिळतात आणि मिसळीच्याही. त्यामुळे पद्धतीचं नाव ऐकून तिच्या शुद्धतेचा अंदाज बांधू नये.

शुद्धतेवरून आणखी एक. गंधक आणि झिंक ऑक्साइड घातल्याशिवाय रबर पक्कं होतच नाही. म्हणून अगदी सोवळ्यातल्या गादीतही शंभर टक्के रबर नसतं. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छातीठोक सांगणारा विक्रेता बहुधा खोटारडा नसतो, त्याला तिची पाककृती ठाऊक नसते, इतकंच.

खरी पंचाईत आहे तिच्या तोतया बहिणीची. पेट्रोलियमपासून बनणारा स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचा चीकही फेटता येतो, साच्यात घालता येतो. दिसायला ती हिच्यासारखीच, भोकंही तशीच, वजनही जवळपास तेवढंच. दोघींचं मिश्रण तर सर्रास होतं. दुकानातला संवाद असा चालतो:

“दादा, ही शंभर टक्के लॅटेक्स आहे ना?”

“ताई, शंभर टक्के! लिहून देतो.”

तो लिहून देईलही, आणि त्यात खोटं काही नसेल. कशाचं लॅटेक्स, ते ताईंनी विचारलेलं नाही.

काही हौशी लोक तुकडा कापून जाळून पाहायला सांगतात. दोघीही काळा धूर सोडतात, हात भाजतो, कळत काहीच नाही. निवाडा प्रयोगशाळेत होतो. एक चाचणी रेडिओकार्बनची: लाखो वर्षं जमिनीत दडलेल्या खनिज तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो, काल-परवाच्या झाडाच्या चिकात तो असतो. गिऱ्हाईक काही प्रयोगशाळा खिशात घेऊन फिरत नाही, म्हणून या बाईच्या मागे कागदपत्रांचा लबेदा लागला. ती कागदपत्रं वाचायची म्हणजे प्रत्येक कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते आधी बघायचं.

गॉल्स, म्हणजे ग्लोबल ऑर्गॅनिक लॅटेक्स स्टँडर्ड, हा तिच्या कुळाचा कागद. बाग सेंद्रिय आहे का, तिथून कारखान्यापर्यंत चिकात दुसरा चीक मिसळला का, हे तो पाहतो. कच्च्या मालात प्रमाणित सेंद्रिय चीक ९५ टक्क्यांहून जास्त लागतो. तोतया बहिणीला हा कागद मिळत नाही. गॉट्स हा त्याचा कापडाकडचा भाऊ: खोळीचा कापूस, आतली लोकर यांच्यासाठी. खोळीला गॉट्स आहे म्हणून आतल्या गाभ्याबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि जाहिराती नेमक्या याच फटीतून शिरतात. ‘ऑर्गॅनिक लॅटेक्स मॅट्रेस’ या तीन शब्दांतला ऑर्गॅनिक अनेकदा फक्त अभ्र्यापुरता असतो.

ओको-टेक्स स्टँडर्ड १०० पुष्कळांना नैसर्गिकपणाचा शिक्का वाटतो. तो तसा नाही. मालात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेत आहेत का, एवढंच तो तपासतो. तान्ह्या बाळांसाठीच्या पहिल्या वर्गाला मर्यादा सगळ्यांत कडक. सिंथेटिक फोमलाही तो मिळू शकतो, आणि त्यात फसवणूक काही नाही. ग्रीनगार्ड गोल्ड गादीतून हवेत काय सुटतं ते मोजतो, ती झाडाची की तेलाची याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सर्टिपूर तर फक्त पॉलियुरेथेन फोमचा दाखला. लॅटेक्सच्या गादीवर तो अभिमानाने छापलेला दिसला, तर आत फोमचा एखादा थर आहे किंवा छापणाऱ्याला आपण काय छापतोय ते कळलेलं नाही. दोन्ही बाबतीत गिऱ्हाइकाने सावध व्हावं.

मग येते कागदाची जात. अमेरिकेत २०१३ साली फेडरल ट्रेड कमिशनने तीन गादी-कंपन्यांवर कारवाई केली. त्यातल्या इकोबेबी ऑर्गॅनिक्स या कंपनीच्या गाद्यांवर एका राष्ट्रीय संघटनेची मोहोर होती. ती संघटना कंपनीचंच दुसरं नाव निघाली. २०१७ साली मूनलाइट स्लंबर या बाळांच्या गाद्या करणाऱ्या कंपनीचंही तसंच उघड झालं, ‘हिरवी’ ढाल तिने स्वतःच स्वतःला बहाल केलेली होती. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा पर्यावरणी दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नैसर्गिक, सेंद्रिय असले शब्द वापरायचे तर पुरावा द्या, असं त्यांत आहे. पण गादीच्या दुकानात ती अजून पोचलेली दिसत नाहीत.

दुकानात पोचतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंधूक फोटो. त्यात पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या कुणी पाहत नाही. दाखला कुणाच्या नावावर आहे? बहुधा तो लॅटेक्सचा ठोकळा ओतणाऱ्या कारखान्याचा असतो, गादी शिवून विकणाऱ्याचा नसतो. आणि एका ठोकळेवाल्याकडून माल घेऊन वर दुसऱ्याचा थर चिकटवायला कुणी अडवत नाही. कोणत्या मालासाठी आहे? मुदत कधीची? हे दाखले साधारण वर्षभराचे असतात, भिंतीवर फ्रेम करून लावलेला दाखला केव्हाच शिळा झालेला असू शकतो. ओको-टेक्सचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कुणाला, कशासाठी दिलाय ते समोर येतं. गॉट्सचीही यादी खुली आहे. दुकानात उभ्या उभ्या फोनवर होणारं हे काम. ते करताना दुकानदाराच्या चेहऱ्याकडे एक नजर ठेवावी, तिथेही बरीच माहिती छापलेली असते.

आणि शेवटी झिप. थर किती, प्रत्येक थर कशाचा, किती इंचांचा, हे खोळ उघडल्याशिवाय कळत नाही. वर एक इंच लॅटेक्स आणि खाली पाच इंच जुन्या फोमच्या चुऱ्याचा रिबॉन्डेड ठोकळा, अशी गादीही लॅटेक्सची म्हणूनच विकली जाते. खोळ चारी बाजूंनी शिवून टाकलेली असते तेव्हा मी विचारतो. दुकानदार हसून म्हणतात, “काका, आतलं बघून काय करणार? झोपायचं वरच आहे ना!” विनोद चांगला आहे. मी त्यांना तो देऊन टाकतो आणि पुढच्या दुकानात जातो.