२६ आटे

मंडळी, गेले तीन वीकेंड यवतमाळला एकाच सायकलच्या मागे आहे. आजोबांची जुनी नॉटिंगहॅमची रॅले. तीस वर्षं याच सायकलवर त्यांनी शाळा गाठली. पायडल मारलं की खालून कट्‌कट्... उजवीकडचा कप झिजलेला. नवा आणू, त्यात काय!

तर त्यातच सगळं आहे. बहुतेक सायकलींच्या कपाला इंचाला २४ आटे, रॅलेने मात्र स्वतःचे २६ ठेवले. दिसायला डिट्टो, पण दीड फेऱ्यात अडतो. (जुन्या फ्रेंच सायकलींचं तर विचारूच नका. सगळं मिलिमीटरमध्ये, आणि उजवा कप, जो इंग्लिश सायकलीत उलट्या आट्यांचा, तो तिथे सरळ!) आमची शकुंतला रेल्वेही अडीच फुटी रुळांची, जगापासून वेगळीच होती म्हणा.

एक दुकानदार म्हणाला, नवे आटे पाडून देतो. म्हणजे प्रॉडक्शनवर थेट पॅच! फ्रेमचे आटे गेले की सायकल भंगारात. आमचे म्हातारे मिस्त्री भडकले, "कायले जोर लावता, भाऊ? आटे मरतीन ना!"

शेवटी पुसदला भंगारात एक वाकडी रॅले सापडली. कप शाबूत. फक्त गंजून चिकटलाय. रॉकेल ओतून ठेवलंय, शनिवारी बघू.