कूलर चौकटीतच राहू द्या
प्रवासाची दैनंदिनी : मुक्काम नाचणगाव, जि. वर्धा

सोमवार

मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं पुलगाव आणि देवळी तालुक्यातलं नाचणगाव आता एकमेकांना इतकी खेटली आहेत, की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं हे परक्याला सांगता येणार नाही. ना धड खेडं, ना धड शहर. गल्लीतल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढणाऱ्याची कसोटी अशाच गावात लागते. जुन्या वस्तीत डोळा आधी जातो तो लाकडी दारचौकटीकडे, सारवलेल्या ओसरीकडे, भिंतीशी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे. पण मे महिन्याच्या विदर्भात त्याच घराच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर असतो आणि त्याच्याखाली पाण्याचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम. कॅमेरा घेतलेला माणूस इथं हमखास दोन पावलं बाजूला सरकतो. कूलर आणि ड्रम चौकटीबाहेर जातात, दार-ओसरी-पऱ्हाट्या उरतात आणि फोटो बघणारे म्हणतात, वा, काय जुनं गाव आहे! माझा सगळा आक्षेप त्या दोन पावलांवर आहे. दार, ओसरी, पऱ्हाट्या सगळं खरं असूनही असा फोटो खोटा ठरतो, कारण त्यानं आपली तारीख पुसलेली असते.

मंगळवार

कूलर जरा जवळून पाहावा. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांवरून ठिबकणारं पाणी, पत्र्यावर खालून वर चढत आलेला गंज आणि पाणी जिथवर भरतात तिथं क्षाराची पांढरी रेघ. या रेघेवरून पाणी जड आहे हे कळतं. ज्या अर्थी ड्रम आहे, त्या अर्थी नळाला चोवीस तास पाणी नाही. ड्रमवर झाकण आणि झाकणावर दगड, म्हणजे साठवलेल्या पाण्याला जपावं लागतं. खिडकीतून आत गेलेल्या वायरीवरून कूलरला वीज कुठून मिळते ते दिसतं, आणि घरातल्या किती खोल्यांना गारवा मिळतो याचा अंदाज एकाच कूलरवरून बांधता येतो. शेजारच्या कोरीव चौकटीतून घर कधीकाळी सुस्थितीत होतं एवढंच कळतं. ते कळणंही मोलाचं आहे. पण आज या घरात माणसं उन्हाळा कसा काढतात, हे चौकट सांगत नाही, ते कूलर सांगतो. आणि ‘दैनंदिन जीवन’ टिपायचं म्हणून निघालेल्या माणसानं नेमकं तेच गाळलं, तर तो कशाचे फोटो काढतो आहे?

बुधवार

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. कूलर काय, हजारो आहेत. लाकडी चौकटी मात्र दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, मग जे जाणार आहे ते आधी नको का टिपायला? टिपायलाच हवं. पण टिपताना भोवताल कापला तर काय हाती लागतं, याचा पुरावा आपल्याकडे फार जुना आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानं 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांत त्यानं माणसांचे फोटो वेगळे काढले आणि त्यांच्यामागं दुसरीकडचे देखावे चिकटवले. आज ते फोटो पाहताना पागोटं, लुगडं, दागिने यांबद्दल पुष्कळ कळतं, पण ती माणसं कुठल्या गल्लीत राहत होती, दाराशी काय होतं, हे कायमचं गेलं. जॉन्सननं कात्री वापरली, आजचा छायाचित्रकार दोन पावलं सरकतो. परिणाम एकच.

चीनमध्ये हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडलं. हेडा मॉरिसन ही जर्मन छायाचित्रकार 1933 ते 1946 पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, राहिली. कारागीर, फेरीवाले, दुकानांच्या पाट्या, देवळं यांचे तिचे फोटो आता हार्वर्डमध्ये जपलेले आहेत आणि ते अमोल आहेत. हाताचं काम इतक्या आदरानं पाहणारे फार थोडे. तरीही 1937 पासून ते शहर जपानच्या ताब्यात होतं, हे तिच्या गाजलेल्या फोटोंवरून सहसा उमगत नाही. पुढं 1990 मध्ये छायाचित्रकार शू योंगनं बीजिंगच्या हुतोंगांचे, म्हणजे चौकाच्या घरांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांचे, 101 फोटो पुस्तकात छापले. बहुतेक गल्ल्या रिकाम्या, माणूसच नाही. भिंती, कौलं, झाडं पाहून जीव हळहळतो, आणि ती हळहळ जागवणं हे त्या पुस्तकाचं मोठं काम होतं हे मी मान्य करतो. पण गजबजलेली वस्ती रिकामी दाखवली की ती आधीच उठून गेल्यासारखी वाटते. राहत्या गल्लीला असं ओसाड दाखवणं म्हणजे ती पाडायला निघालेल्यांचं काम नकळत हलकं करणं, असं मला वाटतं. नाचणगावची गल्लीही मे महिन्यात दुपारी रिकामीच असते, कारण सगळी माणसं कूलरपुढं असतात. पहाटे सडा पडतो तेव्हा आणि दिवेलागणीला बाजा बाहेर येतात तेव्हा तीच गल्ली भरलेली असते. दुपारचा फोटो काढू नये असं नाही, पण त्याखाली वेळ लिहिली नाही तर तो उजाड गावाचा फोटो ठरतो.

गुरुवार

दुसरा आक्षेप सौंदर्याचा : निळ्या ड्रमनं चौकट बिघडते. याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. सेवाग्राममध्ये छायाचित्रकार कनू गांधींनी गांधीजींचे फोटो काढले ते तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, गांधीजींना पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही. त्या फोटोंमधला एक प्रसिद्ध आहे. सेवाग्रामच्या कुटीत गांधीजी टेलिफोनवर बोलत आहेत. माती, बांबू, कौलांच्या त्या घरात तो काळा फोन म्हणजे कुणाही सौंदर्यवाद्याच्या मते खडाच. फोन टाळला असता तर कुटीतला ऋषी मिळाला असता, आणि असे ऋषी चितारलेली कॅलेंडरं काही कमी नाहीत. फोन ठेवल्यामुळं व्हाइसरॉयशी आणि देशाशी बोलणी चालू असलेलं घर मिळालं. चित्र त्यामुळं उणं झालं नाही, उलट पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती तिथंच. रंगांची, रेषांची जुळणी साधणं हे छायाचित्रकाराचं कसब आहेच. ते निळ्या ड्रमसकट साधावं, एवढंच मागणं आहे.

शुक्रवार

राहिला तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो गल्लीतल्या माणसांचा आहे. पऱ्हाट्या, ड्रम, वाळत घातलेली धुणी यांच्यापुढं कुणालाच आपला फोटो नको असतो. ‘इथं काय काढता, तिकडं काढा’, असं म्हणून घरची बाई पदर नीट करते आणि रंग दिलेल्या भिंतीपुढं, नाहीतर मुलाच्या नव्या मोटारसायकलीशेजारी उभी राहते. मग कूलर चौकटीत ठेवण्याचा हट्ट ही बाहेरच्याची नवी जबरदस्तीच नव्हे का? काही अंशी आहे, आणि तिथं माघार घ्यायची ती छायाचित्रकारानंच. चेहरा तिचा आहे. कनू गांधींची पोझची अट इथं जशीच्या तशी लागू होत नाही, कारण सेवाग्रामचा माणूस अवघ्या जगाला ठाऊक होता, इथल्या बाईला हा कदाचित वर्षातला एकच फोटो मिळणार. पण तिनं निवडलेली मोटारसायकलही आजचीच आहे. जुनं दार दाखवायची हौस तिला नाही, ती पाहुण्याला आहे. तेव्हा तिचा फोटो तिच्या पसंतीच्या जागी काढावा, त्याची प्रत छापून घरपोच द्यावी. आणि तिची हरकत नसेल तर दाराचा फोटो माणसांविना, कूलर-ड्रमासकट, वेगळा काढावा. छापताना दोन्ही एकाच पानावर यावेत, खाली गाव, महिना आणि वेळ लिहून.