"काका, कॅट काढून टाकू का?"

जुन्या तेज गाड्यांवर काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. गाडी पॅलिओ वन पॉइंट सिक्स असो, पहिली ऑक्टाव्हिया आरएस असो, नाहीतर सिटी व्हीटेक. मालक आधी ऑइल, प्लग, टायर यांच्यावर बोलतो आणि मग हळूच विषयाला हात घालतो. कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापून तिथं सरळ पाइप वेल्ड केला तर पिकअप सुटेल ना? नळ्या-बिळ्या, कॅनिस्टर, ईजीआर सगळं काढून बंपरखालचा पसारा कमी केला तर?

मी नाही म्हणतो. समोरच्याला वाटतं, काका कायद्याला घाबरतात. कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. पण कलमाचा आकडा ऐकून कोणी हातातला ग्राइंडर खाली ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. माझं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला गाडीच्या खाली जावं लागतं.

चिंचवडचा एक मुलगा पॅलिओ घेऊन आला होता. २००१ मध्ये ही गाडी आली तेव्हा एवढ्याशा हॅचबॅकमध्ये शंभर घोड्यांचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन ही आपल्याकडे नवलाईच होती. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी खेचते, त्यासाठी लोक आजही तिचे पार्ट शोधत नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या भंगारात फिरतात. या मुलाची गाडी मात्र चढावर मरत होती. चार हजारांच्या वर काटा जाईना. एका गॅरेजनं त्याला सांगितलं होतं की कॅट चोक झालाय, पोकळ करून देतो. निदानाचा पहिला अर्धा भाग बरोबर होता.

कॅट चोक झालाय की नाही हे ठरवायला तो कापावा लागत नाही. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा. तो सहसा गंजून बसलेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच त्यावर तेल मारून ठेवायचं. त्या भोकात प्रेशर गेज बसवायचं आणि इंजिन गरम झाल्यावर अडीच हजार आरपीएमला धरायचं. कॅट धड असेल तर काटा दीड पीएसआयच्या आत राहतो. इथं तो पाचाच्या पुढे गेला आणि ॲक्सिलरेटर दाबला तसा चढतच राहिला. कॅट खाली उतरवून टॉर्चच्या उजेडात पाहिला. आत सिरॅमिकची वीट असते, एका चौरस इंचात साधारण चारशे बारीक नळ्या असलेली, आणि त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. विटेची पुढची बाजू वितळून काचेसारखी चकाकत होती. निम्म्याहून जास्त नळ्या बुजल्या होत्या.

इथं थांबून विचार करायला हवा. ही वीट हजार-बाराशे अंशांनाही वितळत नाही, त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. एवढी उष्णता आली कुठून? प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा आणि पेट्रोलनं ओला. वयानं थकलेली कॉइल गरम झाली की तिथं ठिणगी चुकवत होती, म्हणजे त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळताच पुढे जाऊन कॅटमध्ये पेट घेत होतं. मुलाला हलकं मिसिंग जाणवत होतं, पण जुनी गाडी म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. व्हॉल्व्ह सीलही कडक झाले होते, सकाळी सुरू करताना निळा धूर दिसायचा. ऑइलमधला फॉस्फरस कॅटच्या थरावर बसला की कॅट हळूहळू निकामी होतो.

समजा मी सरळ पाइप टाकून दिला असता. गाडी महिनाभर मस्त पळाली असती, त्यानं मला धन्यवाद दिले असते. कॉइल तशीच, सील तसेच. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची फिल्म धूत राहिलं असतं, सम्पमध्ये उतरून ऑइल पातळ करत राहिलं असतं, आणि वर्ष-दोन वर्षांत इंजिन उघडायची वेळ आली असती. जाम झालेला कॅट दुसऱ्याच कुठल्यातरी दुखण्याचा पत्ता देत असतो. तो फेकून दिला की पत्ताही गेला. माझ्या मते कॅट काढायला निघालेल्या दर गाडीत हे दुखणं आधी शोधलं पाहिजे, आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

आता ताकदीबद्दल. टर्बो नसलेल्या सोळाशे सीसीच्या इंजिनात धड असलेला कॅट काढून मिळतात दोन-चार घोडे, तेही अगदी वरच्या आरपीएमला, जिथं रोजच्या रस्त्यावर काटा जात नाही. आवाज मात्र दुप्पट होतो, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. पोकळ केलेला कॅट तर त्याहून वाईट. पाइपातून वेगानं येणारा धूर त्या रिकाम्या डब्यात फुगतो, मंदावतो, आणि खालच्या आरपीएमचा खेच जातो. मग गॅरेजवाले सांगतात, इंजिनला बॅक प्रेशर लागतं, तो गेला. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग आणि योग्य मापाचा पाइप.

ऑक्टाव्हिया आरएसचं गणित थोडं निराळं आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तिथं अठराशे सीसीचा टर्बो आहे आणि टर्बाइनच्या लगेच पुढचा अडथळा कमी केला तर फरक खरोखर जाणवतो. पण त्यासाठी दोनशे सेलचा मेटलचा कॅट मिळतो. वाट मोकळी राहते आणि धूरही बऱ्यापैकी साफ होतो. महाग पडतो, हे खरं. पण ज्यानं टर्बो, इंजेक्टर, ट्यूनिंग यांवर लाखभर घातला, त्यानं इथं हात आखडता घेऊ नये.

ईजीआरचा राग तर मला कधी समजलाच नाही. पूर्ण थ्रॉटलवर तो बंदच असतो, मग तो काढून जोर कसा वाढेल? मंद चालीत थोडा जळका वायू परत आत सोडून तो सिलिंडरचं तापमान खाली ठेवतो, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. काजळीनं अडकला असेल तर काढून साफ करा आणि परत लावा. कोळशाचा कॅनिस्टर काढून मिळतो फक्त टाकीच्या पेट्रोलचा वास. आणि पीसीव्हीची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी, नळी उघड्यावर सोडली तर सगळीकडे ऑइलचा थर बसतो.

"पण पीयूसी तर निघते," हा पुढचा मुद्दा. निघते, कारण पीयूसीच्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. जुन्या पेट्रोल गाडीच्या आयडलिंगला फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. चालू गाडी घाट चढताना काय सोडते, ते त्या नळीला कळत नाही. थ्री-वे कॅट हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ला एक असं नेमकं असलं की तिन्ही विषं एकदम मारतो, आणि तेही साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तापल्यावर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. हिवाळ्यात सकाळी शटर अर्धं वर करून कॅट नसलेली गाडी सुरू केली की डोळे चुरचुरतात, घशात खरखर येते, दुपारपर्यंत डोकं जड राहतं. माझ्याकडची पोरं दिवसभर खड्ड्यात, सायलेन्सरच्या पातळीला उभी असतात. चांगला कॅट असलेली गाडी तापली की त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. चौकात तीच गाडी थांबते तेव्हा तिच्यामागे स्कूटीवर मूल घेऊन बसलेली बाई असते, हवालदार असतो. त्यांना पॅलिओच्या शंभर घोड्यांपैकी एकही मिळणार नसतो.

१९९५ च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे मिळत नव्हतं. ते देशभर मिळायला २००० साल उजाडलं. शिशाच्या पेट्रोलच्या काही टाक्या पडल्या की कॅट मरायचा, म्हणून तेव्हा काढून टाकणाऱ्यांना मी दोष देत नाही. ते कारण संपून पाव शतक झालं, सवय मात्र राहिली.

फक्त ट्रॅकवर पळणारी, ट्रेलरवरून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला जाणारी गाडी असेल तर तिचा मामला निराळा. तिथले नियम तिथे. पण तीच गाडी रविवारी लवासाला जाऊन नाश्ता करून येणार असेल, तर ती रस्त्यावरची गाडी आहे.

एक अडचण मात्र खरी आहे: पॅलिओसारख्या गाडीचा मूळ कॅट आता मिळणं मुश्कील. पण इंजिनाच्या मापाचा युनिव्हर्सल कॅट मिळतो, आणि चांगला वेल्डर तो मूळ जागीच बसवू शकतो. मागे, थंड जागी ढकलू नये, नाहीतर तो तापतच नाही. चिंचवडच्या मुलाच्या गाडीला तेच केलं. आधी कॉइल बदलली, मग कॅट. वीस मिनिटं चालवून आणल्यावर इन्फ्रारेड गननं मोजलं: कॅटच्या तोंडापेक्षा शेपटाकडचं तापमान चाळीस अंशांनी जास्त, म्हणजे आत काम चालू आहे. पोरानं गाडी खंबाटकीला नेली आणि वरून फोन केला, "काका, साडेसहा हजारांपर्यंत गेली!" व्हॉल्व्ह सीलचं काम बाकी आहे. ते दिवाळीनंतर करू म्हणाला. तोवर दर आठवड्याला ऑइलची काडी बघायला सांगितलंय.