सहावा क्वार्ट

आम्ही खमरियाचे. वडील इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. नोंद झाल्याशिवाय तिथली वस्तू जागची हलत नसे, त्यामुळे लिहून ठेवायची सवय घरातूनच लागली. पुढे लहान विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं आणि तीच सवय कामी आली, विशेषतः इंजिन ऑइलच्या बाबतीत.

सेस्ना १५२ घ्या. तिच्या संपमध्ये ६ क्वार्ट ऑइल मावतं. क्वार्ट म्हणजे लिटरहून जरा कमी. ४ च्या खाली इंजिन चालवायचं नाही. पण उड्डाण ३ तासांच्या आतलं असेल तर ५ वरच थांबा, असं तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. तरी मुलं काळजीपोटी काठोकाठ भरतात. रिंगांना चुकवून थोडा गॅस क्रँककेसमध्ये येतोच. ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडताना तो ऑइलही सोबत नेतो. सहावा क्वार्ट मग विमानाच्या पोटावर काळ्या ओघळात दिसतो. पुन्हा भरा, पुन्हा जातो, आणि धडधाकट इंजिन उगाच बदनाम होतं.

खरी गळती शोधायची तर काऊलिंग काढून इंजिन धुवावं, कोरडं करावं, थोडा वेळ चालवावं, बंद करावं आणि टॉर्च घेऊन बसावं. प्रॉपेलरचा वारा ऑइल मागे पसरवतो, म्हणून सगळ्यांत पुढचा आणि वरचा ओला ठिपका धरायचा. कधी रॉकर कव्हरचं गास्केट निघतं, कधी पुशरॉड ट्यूबचं सील, कधी क्रँकशाफ्टचं पुढचं सील. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं. बाहेर सगळं कोरडं असेल तर ऑइल आत जळतंय का बघायचं. खालचे स्पार्क प्लग काढा. तेलकट निघालेला प्लग सिलिंडर दाखवून देतो.

नव्या सिलिंडरचे लाड करू नयेत. मिनरल ऑइलवर, ६५ ते ७५ टक्के शक्तीने ते चालवावं. जपून हळू चालवलं तर भिंतींना चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पीतच राहतं.

१० तासांना एक क्वार्ट वर्षानुवर्षं लागत असेल तर मी निश्चिंत असतो. महिन्याभरात तेच ४ तासांवर आलं, तर आकडा मर्यादेत असला तरी विमान थांबवतो, फिल्टर कापून धातूचे कण बघतो, कॉम्प्रेशन तपासतो. हा फरक डिपस्टिक एकदा बघून कळत नाही.

म्हणून पायलटांना विनंती आहे: उतरल्यावर ऑइल खाली निथळू द्या, मगच डिपस्टिक बघा. अर्धा क्वार्ट घातलात तरी इंजिनच्या तासांसकट लिहा, आणि पुढच्या पायलटला तोंडीही सांगा.