सिस्टरनं लिहून दिलेली वही

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीतलं पाणीच मचूळ. पाहुणा आला की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. त्यामुळे 2022 च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ जेव्हा म्हणाला, "माय, पाण्याले वास येते, चव निराळीच लागते," तेव्हा घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आईनं माठ घासला, ताजं पाणी भरलं. त्यानं तेही घेतलं नाही. आपली बाटली आपणच भरायचा आणि उशाशी घेऊन निजायचा. आपल्या पाण्यात कोणीतरी काही कालवतं, अशी त्याची खात्री झाली होती, हे आम्हाला कळायला सात महिने लागले.

त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. अमरावतीला शिकायला होता, सुट्टीत घरी आला आणि परत गेलाच नाही. रात्ररात्र जागा राहायचा. दाढी वाढली, अंघोळ सुटली. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर त्यानं चिकटपट्टी लावली. पंख्याखाली बसायचा नाही, कारण पंखा फिरू लागला की त्यातून माणसं बोलतात म्हणायचा. आम्ही आमच्या परीनं कारणं शोधली. बाबा म्हणाले, मोबाईलनं बिघडला. काका म्हणाले, कॉलेजात एखादी मुलगी असेल. आई रडत म्हणाली, हा पोटात असताना मी ग्रहणात विळीवर बसले होते. मी लग्न होऊन अकोल्याला शाळेत शिकवते. मी सासरी कोणाला काही सांगितलं नाही.

मग जे होतं ते झालं. लिंबू उतरवले, भगत आणला, बुलढाण्याकडे सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दोन वाऱ्या झाल्या. आईची श्रद्धा मी आजही मोडणार नाही. पण त्या महिन्यांत आजार थांबला नव्हता, वाढत होता. मध्ये एका ठिकाणी डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण कशाच्या, किती दिवस, घेतल्यावर काय होईल, हे कोणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूला पिळली, डोळे वर चढले. गल्ली गोळा झाली. "अंगात आलं" असं सगळ्यांच्या तोंडी. आईनं उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या.

2023 च्या फेब्रुवारीत आई, बाबा आणि मी त्याला अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. आमच्याकडे त्याला इर्विनच म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, दाखल करून घेतलं. निदान सांगितलं, औषध सुरू केलं. ते काम त्यांनी चोख केलं. पण आमचं घर ज्यांनी सावरलं त्या मानसोपचाराच्या वॉर्डातल्या सिस्टर. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं, स्टूल दिले आणि आधी विचारलं, "जेवले काय तुम्ही?" सात महिन्यांत आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमच्या मोटरची एक फेज गेली तर काय होते?"

"घरघरते," बाबा म्हणाले. "पाणी ओढत नाही. तशीच चालू ठेवली तं जळते."

"मग तुम्ही मोटरले शिव्या देता?"

"नाही. बंद करतो, वायरमनले बोलावतो."

"पोराचं असंच समजा. तो आळशी नाही, बिघडलेला नाही, त्याले कोणी काही केलं नाही. मेंदूच्या कामात बिघाड झाला आहे. तुमच्या ग्रहणानं नाही माय, आणि काका तुमच्या रागावण्यानंही नाही."

आईनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या एका तासानंतर आणखी पाच बैठका झाल्या. सिस्टरांनी शंभर पानी वही मागवली आणि आमच्यासमोर, आम्हाला विचारत विचारत लिहिली. पहिल्या पानावर गोळ्या: सकाळची कोणती, रात्रीची कोणती, खाली रोज खूण करायला चौकोन. दुसऱ्या पानावर गोळ्यांचे त्रास. हात थरथरणं, लाळ, सुस्ती, भूक वाढणं. मान पिळण्याचं त्यांनी लाल पेननं लिहिलं: हा औषधाचा दुष्परिणाम आहे, रुग्णालयात इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात मान मोकळी होते, पण मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. ही दोन वाक्यं आम्हाला आधी कोणी सांगितली असती तर औषध उकिरड्यावर गेलं नसतं.

तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं. त्यावर शीर्षक होतं, "धोक्याच्या खुणा." पुस्तकातल्या नाहीत, आमच्या घरातल्या. सिस्टर विचारत गेल्या, सगळ्यात आधी काय बदललं होतं? मग लिहिलं: सलग दोन रात्री झोप नाही. घरच्या माठाचं पाणी नको म्हणणं. मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी. धाकट्यालाही त्यांनी विचारलं. तो तेव्हा जरा सावरला होता. तो म्हणाला, "पंखा बंद करावा वाटते." तेही लिहिलं. खाली: यातल्या दोन गोष्टी दिसल्या की वाट पाहायची नाही.

चौथं पान बोलण्याचं. त्या दिवशी त्यांनी बाबांना समोर बसवून बोलायला लावलं. बाबा सवयीनं म्हणाले, "दिवसभर लोळतो, कामाचा ना धामाचा." सिस्टर म्हणाल्या, "आता हेच दुसरं बोला." बाबांना जमेना. तीन वेळा अडखळले. चौथ्यांदा म्हणाले, "चाल, ढोरं सोडायले माझ्यासंगं ये." सिस्टर म्हणाल्या, "बस, एवढंच. एका वेळी एकानं बोलायचं, हळू बोलायचं, लहान वाक्य बोलायचं. आवाज ऐकू येतात म्हणाला तर खोटं आहे म्हणून भांडायचं नाही, हो हो पण म्हणायचं नाही. मले ऐकू येत नाही, पण तुले भीती वाटते हे समजते, असं म्हणायचं."

आईला वेगळा धडा होता. ती त्याला हातानं भरवायची, रात्रभर त्याच्या दाराशी बसायची. सिस्टर म्हणाल्या, "माय, ताट त्याले स्वतः घेऊ द्या. धुऊ पण द्या." आईला ते फार लागलं. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं, हे त्यांच्या मनचं नव्हतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं 1950 नंतरच्या वर्षांत रुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा माग काढला. ज्या घरांत सतत टोचून बोलणं, राग किंवा नको इतकी काळजी होती, तिथं आजार जास्त वेळा उलटत होता. 1980 च्या दशकात चंडीगढला असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत ही टोचणी लंडनपेक्षा कमी आढळली. म्हणजे आपल्या घरांत बळ आहे. ते कसं वापरायचं, हे कोणीतरी बसून शिकवावं लागतं.

सुट्टी मिळाल्यावर गाव अकोला जिल्ह्यातलं, म्हणून पुढचे कागद इकडे आले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू आहे. त्याची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात येते. टीममधल्या नर्सनं ती वही पाहिली, स्वतःची सही करून तीच पुढे चालवली. गावातल्या आशाताईला तिसरं पान पाठ करायला लावलं. दर महिन्याला औषध घ्यायला येणाऱ्या चार-पाच घरांना नर्स कडुनिंबाखाली एकत्र बसवायची. तिथं पहिल्यांदा आईला कळलं, हे आपल्या एकट्याच्या घरी नाही. एका मावशीनं विचारलं, "लगन करून देलं तं ठीक होईन का पोट्टा?" नर्सनं स्पष्ट सांगितलं, "लग्न हे औषध नाही. आधी तब्येत स्थिर होऊ द्या, मग मुलीकडच्यांना सगळं सांगून करा. लपवून कोणाच्या मुलीचं आयुष्य घेऊ नका." त्या महिन्यात मी माझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात महिने एकटीनं काहून झेललं?"

गावागावांत असं काम केलं तर फरक पडतो, याचा पुरावा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. विश्राम या प्रकल्पात तिथल्या 30 गावांत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला, उपचारापर्यंत न्यायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते; पुढे ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलखाचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर झालं, तिथंच हे घडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आमच्या घराचा पुरावा. 2024 च्या पोळ्याच्या आधी धाकट्याला बरं वाटत होतं, बैल रंगवायला तोच पुढे होता. त्या धांदलीत चौकोन रिकामे राहिले. आठवड्याभरानं सकाळी बाबांना त्याच्या मोबाईलवर चिकटपट्टी दिसली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फळीवरून वही काढली, तिसरं पान उघडलं, आईला विचारलं, रात्री पंखा चालू होता का? नव्हता. त्यांनी मला फोन केला आणि त्याला म्हणाले, "चाल, तुझ्या सिस्टरले भेटून येऊ." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरांसमोर होतो. औषध पुन्हा सुरू झालं, दाखल करावं लागलं नाही. पहिल्या वेळी सात महिने गेले होते, या वेळी दोन दिवस. आजार तोच, मुलगा तोच, घर शिकलेलं होतं.

आज तो गोळ्या घेतो, बाबांबरोबर वावरात जातो, गावच्या दुकानात अर्धा दिवस हिशेब लिहितो. कधी हात थरथरतो, कधी गप्प बसतो. पूर्वीचा मुलगा जसाच्या तसा परत आला असं मी म्हणणार नाही. पण तो माठातलं पाणी पितो.

सिस्टरांवर किती भार असतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इंजेक्शनं, नोंदी, जेवणं, पळून जाऊ पाहणारा रुग्ण, आणि त्यातून चोरलेला तो एक तास. तो तास चोरावा लागू नये. जिथं मानसोपचाराची ओपीडी आहे तिथं घरच्यांना शिकवण्यासाठी नर्सला वेगळा वेळ आणि बसायला जागा मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली, उपचार हा हक्क मानला. हक्क घरापर्यंत पोचवतं ते माणूसच.

वाचणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी एकाएकी झोपेनासं झालं, जेवणा-पाण्यावर संशय घेऊ लागलं, कोणी नसताना बोलू लागलं, तर कारणं शोधत महिने घालवू नका. रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिल्यावर तिथल्या सिस्टरना विचारा, "आम्ही घरी काय करायचं, ते सांगता का?" एक वही सोबत न्या. रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.