कोंबडा आरवल्यावर...

शाळेत असताना मॉरल सायन्समध्ये मला कधी नव्वदच्या खाली मार्क पडले नाहीत. आणि सेकंड इयरला एम-थ्रीमध्ये पडले साठपैकी अकरा! या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत माझं काय झालं, ते आज लिहायचं ठरवलंय. लिहू की नको करत दोन अंक गेले. यावेळी जिच्याबद्दल लिहितेय तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही की, पण माझं नाव नको टाकू." म्हणून या लेखात ती फक्त 'माझी रूममेट' आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी देव्हाऱ्यात विठोबा आणि योगेश्वरी, शाळेत भिंतीवर येशू. दोघांचं कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. सिस्टर गोष्टी सांगायच्या आणि मी घरी येऊन त्या आजीला सांगायचे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट सांगितली तेव्हा आजी ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपल्या नाथांसारखंच की गं." पैठणला गोदावरीवर आंघोळ करून येणाऱ्या एकनाथ महाराजांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा नदीवर जातात, ती कथा तिने मला त्या दिवशी सांगितली. आजीच्या लेखी विषय संपला. चांगला माणूस कसा असतो हे तिला आधीच माहीत होतं. फक्त गाव वेगळं.

मला मात्र हे सगळं पाठ होतं, माहीत नव्हतं. 'येशूकडून आपण काय शिकतो?' या प्रश्नाला क्षमा, सेवा, प्रेम असे तीन मुद्दे लिहायचे आणि खाली रेघ मारायची. पाचपैकी पाच!

मग मी इंजिनिअरिंगला आले, हॉस्टेलवर आले आणि रूममेट भेटली. ती आपल्याच जिल्ह्यातली, एका लहानशा गावाची. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आई-वडील ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यात राहून ऊसतोड म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' व्हायचं, आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहायचं. मध्यरात्री ट्रक आला की उठून मोळ्या भरायच्या. मुलं एकतर बरोबर जाऊन शाळा बुडवतात, नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. माझी रूममेट आजीपाशी राहिली आणि शिकली. मला हे सगळं तिने एका रात्री लाईट गेल्यावर सांगितलं होतं. विश्वासाने सांगितलं होतं.

आणि मी काय केलं?

फर्स्ट इयरला ती सेमिनारला उभी राहिली. इंग्लिशमध्ये अडखळली, मागचा बेंच हसला. शेजारची म्हणाली, "तुझी रूममेट ना ही?" मी म्हटलं, "रूम एक आहे फक्त." ही पहिली वेळ.

गॅदरिंगच्या ग्रुप डान्ससाठी मुली कमी पडत होत्या. ती दाराशी उभी होती, तिला यायचं होतं. "तुमच्यातलीच आहे का?" असं सिनिअरने विचारलं. मी म्हटलं, "नाही, आणि तिला इंटरेस्ट पण नसेल." ही दुसरी.

तिसरी लिहिताना अजून हात अडतो. सेकंड इयरला दसऱ्यानंतर तिचे आई-वडील कारखान्यावर जाण्याआधी तिला भेटायला आले. हातात गाठोडं, पायावर एसटी स्टँडपासूनची धूळ. नेमक्या त्याच दिवशी माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी गाडी घेऊन मला भेटायला आलेल्या. त्यातली एक म्हणाली, "हे कोण गं?" ते मला ओळखत होते, तिची आई माझ्याकडे बघून हसलीसुद्धा होती. मी म्हटलं, "माहीत नाही, असतील कुणाचे तरी पेरेंट्स." मागे वळले तर नळावर रूममेट बाटली भरत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

ज्यांनी पीटरची गोष्ट ऐकली असेल त्यांच्या लक्षात आलंच असेल. मराठी बायबलमध्ये त्याला पेत्र म्हणतात. येशूला पकडून नेलं त्या रात्री हा त्याचा सगळ्यात जवळचा शिष्य अंगणात विस्तवापाशी शेकत उभा होता. तू त्याच्याबरोबरचा ना, असं त्याला तीनदा विचारलं गेलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. या गोष्टीवर मी शाळेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. पण नळावरच्या त्या दुपारी मला पीटर आठवला नाही. गंमत आहे ना? आपल्याला धडे येतात, पण वेळेवर येत नाहीत.

माझा कोंबडा आरवला तो रिझल्टच्या दिवशी. लाप्लास, फुरिअर, कॉम्प्लेक्स... सगळं डोक्यावरून गेलेलं, पण कुणाला विचारणं म्हणजे मला येत नाही हे कबूल करणं. आणि मी तर कॉन्व्हेंटची, फाडफाड बोलणारी! रूममेटला एम-थ्रीत वर्गात चांगले मार्क. माझे अकरा. घरी फोन करायचं धाडस नव्हतं. ज्यांच्यासाठी मी तिला नाकारत होते, त्या ग्रुपमधलं त्या संध्याकाळी कुणी फिरकलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांच्या पार्ट्या ठरलेल्या होत्या. मी अंधारात उशीवर तोंड खुपसून पडले होते.

रात्री नऊला रूममेट आली. लाईट लावला. "कामून रडायलीस?" मी गप्प. ती पुढे काही बोलली नाही. गावाकडून कुणाच्या तरी हातून आलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिने पेपरवर मांडली, अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "उठ, दोन घास खा. मग रड."

तेव्हा मला पीटरच्या गोष्टीचा पुढचा भाग आठवला. तो परीक्षेला कधी यायचा नाही, म्हणून मी तो लक्षात ठेवला नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येतो तो. येशू पुन्हा उठल्यानंतर पहाटे तळ्याच्या काठावर येतो. शिष्य रात्रभर मासे धरायला गेलेले, हाती काही लागलेलं नाही. काठावर येशूने निखारे पेटवून मासे आणि भाकरी तयार ठेवल्यात. पीटर समोर आल्यावर तो आधी हिशोब मागत नाही. आधी म्हणतो, या, जेवा. जेवण झाल्यावर मग प्रश्न विचारतो, आणि तोही तीनदा, की तुझं माझ्यावर प्रेम आहे का? ज्याने तीनदा नाही म्हटलं त्याला तीनदा हो म्हणायची संधी.

आमच्याकडे निखारे नव्हते. हॉटप्लेट वॉर्डन मॅडमनी आधीच जप्त केलेली! पण भाकरी होती.

त्यानंतर मी शाळेत मिळालेलं छोटं निळं न्यू टेस्टामेंट ट्रंकेतून काढून पुन्हा वाचलं. यावेळी चमत्कार वाचले नाहीत. पाण्यावर चालणं आपल्या काही कामाचं नाही, आपल्या भागात तर एप्रिलनंतर पाणीच नसतं! मी फक्त एवढंच बघत गेले की हा माणूस अडचणीत असताना कसा वागतो. आणि मला एक गोष्ट दिसली जी माझ्या तीन मुद्द्यांत कधीच नव्हती. तो मागतो.

शोमरोनातल्या विहिरीवर तो दमून बसलाय, दुपारची वेळ आहे, आणि पाणी भरायला आलेल्या बाईला तो म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यात ती बाई, आणि तिचं आयुष्यही लोकांनी नावं ठेवावं असं. तिला काही शिकवण्याआधी तो तिच्याकडे हात पसरतो. गेथशेमाने बागेत शेवटच्या रात्री तो घाबरलेला आहे, आणि ते लपवत नाही. मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात, तो पुन्हा येऊन उठवतो. हा प्याला माझ्यापासून टळू दे, असंही देवाला सांगतो. टळत नाही, तेव्हा उठतो आणि पुढे जातो. मला वाटायचं खंबीर माणूस म्हणजे ज्याला कुणाची गरज नाही. इथे तर उलटंच निघालं.

विहिरीची ही गोष्ट वाचताना पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांना माणूस म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टर्सचं काम त्यांनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना हीच शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. रमाबाईंनी पुढे धर्म बदलला, त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ झालं ते सर्वांना माहीत आहे. तो त्यांचा निर्णय होता. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. 1896-97 च्या दुष्काळात या बाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरीवरची गोष्ट त्यांनी वहीत ठेवली नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही तसंच. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर एकत्र आल्या तरी सोवळं सुटेना. ते हळूहळू, स्वतःशी झगडत सुटलं. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं त्यांनी स्वतःला हसत लिहिलंय. आपल्या लायब्ररीत असेल तर जरूर वाचा. माणूस एका रात्रीत बदलत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तर मी दोन गोष्टी मागितल्या. आधी माफी. तीनही प्रसंग सांगितले. नळावरचा सांगताना आवाज गेला. ती बराच वेळ पेन फिरवत बसली. मग म्हणाली, "ते ऐकलं होतं मी." मग म्हणाली, "माझ्यावरचं जाऊ दे. पण माय तुझ्याकडं बघून हसली होती." एवढंच. 'काही हरकत नाही' असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली नाही तेच बरं झालं. क्षमा म्हणजे काही झालंच नाही असं नसतं, हे मला तिच्याकडून कळलं.

दुसरी गोष्ट, मला एम-थ्री शिकव. यावर मात्र ती लगेच हसली. "इंग्लिशमदी शिकवू का मराठीत?"

रोज रात्री जेवणानंतर दीड तास. ती मला लाप्लास शिकवायची, मी तिच्याकडून सेमिनारची तयारी करून घ्यायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री मी म्हटलं, "जागी राहशील का?" ती राहिली. पीटरपेक्षा नक्कीच जास्त वेळ! पेपर सुटला. मार्क विचारू नका, पण विषय सुटला.

एक गोष्ट मात्र जुनिअर्सना सांगायची आहे. क्षमा करा, नम्र व्हा, याचा अर्थ कुणी छळलं तरी सोसत बसा असा नाही. मंदिरात बाजार मांडणाऱ्यांची टेबलं उलथवणारा येशूही तोच आहे. कुणी रॅगिंग करत असेल तर तक्रार करा. आणि रिझल्टच्या रात्री अंधारात एकटे पडू नका. मागा. सरांना, वॉर्डनना, शेजारच्या खोलीला. हाक मारण्यात कमीपणा असता तर गेथशेमानेत कुणी कुणाला उठवलं नसतं.

शेवटी एप्रिलमधली गोष्ट सांगून थांबते. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, आणि तिचे आई-वडील गावी परतताना हॉस्टेलवर आले. गेटवर तीच धूळ, तसंच गाठोडं. वॉचमन काकांनी विचारलं, "कुणाकडे आलात?" रूममेट लॅबमध्ये होती. पायऱ्यांवर माझा ग्रुप बसलेला. मी उठले, गेटपाशी गेले आणि म्हटलं, "काका, आमच्याकडे आलेत. माझ्या मैत्रिणीचे आई-वडील आहेत." वाक्य साधंच, पण माझे कान गरम झाले होते.

मी काही त्यांचे पाय धुतले नाहीत. तेवढी माझी पोच नाही. कूलरचं पाणी तांब्यात आणून दिलं. काकूंच्या तळहाताला उसाच्या पाचटाने पडलेल्या चिरा होत्या. पाणी पिऊन त्या माझ्याकडे बघून पुन्हा हसल्या, पहिल्या वेळेसारख्याच. त्यांना काही माहीत नव्हतं. की होतं? मी अजून विचारलेलं नाही.

यंदाही ते दसऱ्यानंतर गेलेत. येतील तेव्हा मी गेटवर असेन.