बर्डीच्या किल्ल्याचं तोंड कुणाकडे?

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये रात्री साडेदहानंतर जे वाद होतात त्यांचे विषय ठरलेले असतात. मेसच्या वांग्याच्या भाजीत वांगं असतं का, सबमिशनच्या फाइल्स नेमकं वाचतं कोण, आणि कुणाचं गाव भारी! पहिल्या दोन विषयांवर लगेच एकमत होतं. तिसऱ्यावर मात्र कधीच नाही. माझी रूममेट साताऱ्याची. तिचं ब्रह्मास्त्र म्हणजे किल्ले. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड... ती नावं घेत सुटली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. एकदा मी म्हटलं, "अगं, नागपुरातही किल्ला आहे. दर रविवारी बर्डीला खरेदीला जातेस ना, त्याच्याच खालून जातेस." तर म्हणते, "ती झाडीची टेकडी? तिला काय किल्ला म्हणायचं होय! आमच्याकडं या एकदा, मग कळंल किल्ला काय असतो ते."

मला राग आला खरा, पण तिला उत्तर द्यायला माझ्याजवळ माहिती फारशी नव्हती. मी चंद्रपूरची, शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या शाळेत आठवीला 'कॅसल' या विषयावर प्रोजेक्ट होता. मी पोलंडमधल्या माल्बोर्क नावाच्या विटांच्या प्रचंड किल्ल्याचं चित्र चार्टपेपरवर काढलं होतं. खंदक, उचलता पूल, टोकदार कौलं, सगळं साग्रसंगीत! तेराव्या शतकात जर्मन सरदारांच्या एका धार्मिक संघटनेनं तो बांधायला घेतला, 1457 मध्ये तो पोलंडच्या राजाकडे आला, हे मला अजून पाठ आहे. पण सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल आमच्या पुस्तकात जेमतेम दोन ओळी होत्या. 1817 ची लढाई, भोसले हरले, पुढचा धडा!

म्हणून या खेपेला मिड-सेमचे पेपर संपल्यावर मी लायब्ररीत नॉव्हेल न घेता जुनी गॅझेटिअर्स काढून बसले. लायब्ररीतल्या सरांनी आधी माझ्याकडे आणि मग कॅलेंडरकडे पाहिलं. पण पुस्तकं काढून दिली!

मित्रांनो, गोष्ट अशी आहे. बर्डीला दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि एक छोटी, मधे अरुंद खिंड. पश्चिमेला तेव्हा इंग्रज रेसिडेंटची कोठी होती आणि पूर्वेला तलावापलीकडे भोसल्यांची राजधानी, म्हणजे आजचा महाल. रेसिडेंटचं नाव रिचर्ड जेन्किन्स. गादीवर होते अप्पासाहेब ऊर्फ दुसरे मुधोजी भोसले. 1816 मध्ये त्यांनीच कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता, पण तो त्यांना जाचू लागला. 5 नोव्हेंबर 1817 ला पुण्यात पेशव्याची आणि इंग्रजांची खडकीला लढाई झाली. 24 नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी नागपुरात दरबार भरवून पेशव्याकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रं स्वीकारली. याचा अर्थ जेन्किन्सला कळला. त्याने फौज बर्डीच्या टेकड्यांवर चढवली.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सुमारे 18 तास! भोसल्यांकडे अठरा-वीस हजार माणसं, त्यांत तीनेक हजार अरब, आणि तोफा पस्तीसच्या आसपास. कंपनीकडे जेमतेम तेरा-चौदाशे. मद्रासच्या दोन पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि काही किरकोळ शिपाई. सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. लढाई जवळजवळ संपलीच होती. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेरल्डने आपलं घोडदळ घेऊन मैदानात धडक मारली आणि भोसल्यांच्या तोफा पकडल्या. त्याच सुमारास छोट्या टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला. त्या धुरात कंपनीचे शिपाई संगिनी घेऊन वर चढले आणि टेकडी परत घेतली. दुपारी बारापर्यंत सगळं संपलं. कंपनीचीही साडेतीनशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली.

इथे एक गोष्ट मला खटकली, आणि सिव्हिलवाल्यांना ती खटकायलाच हवी. हा किल्ला अप्पासाहेबांनी लढाईच्या थोडं आधी बांधला, असं बरेच जण लिहितात. पण लढाईची वर्णनं वाचा. जमीन खडकाळ, खंदक खणायला वेळ नाही, म्हणून कंपनीच्या शिपायांनी पिठाची आणि धान्याची पोती रचून आडोसा केला! वर किल्ल्याच्या भिंती उभ्या असत्या तर पोती रचायची गरज काय होती? म्हणजे तेव्हा टेकडी उघडी होती. किल्ला झाला तो लढाईनंतर. जानेवारी 1818 च्या करारात बर्डीच्या टेकड्या तटबंदी करायला इंग्रजांना द्याव्या लागल्या. हरलेल्याकडून जिंकणाऱ्याने टेकडी घेतली आणि तिच्यावर किल्ला बांधला.

हे वाचल्यावर साताऱ्याच्या मैत्रिणीचं म्हणणं मला वेगळ्याच अर्थानं पटलं. हा तिच्या किल्ल्यांसारखा किल्ला नाहीच. तिचे गड आपल्या लोकांनी आपल्या राज्यासाठी बांधले. माझ्या चंद्रपूरचा परकोटही तसाच. गोंड राजांनी अख्खं शहर आत घेऊन तो बांधला. जटपुरा गेट, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा... आम्ही लहानपणापासून शाळेत, ट्युशनला, लग्नाला याच दरवाजांतून गेलो. जटपुरा गेटचा ट्रॅफिक जॅम ही चंद्रपूरकरांची हक्काची तक्रार! 2017 मध्ये गावातल्या इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी त्या परकोटावरची झाडंझुडपं काढून तो चालण्याजोगा केला, तेव्हा आमच्या घरी दिवाळीसारखा आनंद झाला होता. भिंत आपली वाटते, कारण आपण तिच्या आत असतो.

बर्डीचा किल्ला उलटा आहे. आपण त्याच्या बाहेर होतो. तो आपल्यावर नजर ठेवायला बांधला. आणि गंमत म्हणजे त्याच युद्धात सहा महिन्यांनी, मे 1818 मध्ये, इंग्रजांनी आमच्या चंद्रपूरचा परकोट तोफांनी फोडला आणि शहर घेतलं. म्हणजे माझ्या गावाची भिंत पडली आणि नागपूरच्या टेकडीवर भिंत उभी राहिली, दोन्ही एकाच हिशेबात!

माझं आजोळ महालात. आईचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. जन्म नागपूरचा, नोकरी नागपूरची, आणि आयुष्यात एकदाही किल्ल्यावर गेलेले नाहीत. वर्षातून तीन दिवस तो लोकांसाठी उघडतो, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. एरवी तो आर्मीच्या ताब्यात असतो, टेरिटोरियल आर्मीच्या ग्रेनेडिअर्स बटालियनचा मुक्काम तिथे आहे. यंदा 26 जानेवारीला मी आजोबांना म्हटलं, "चला ना आजोबा, मामा स्कूटरवर नेईल." ते म्हणाले, "तू जाऊन राहिली का? जा. मले कायले नेतं? तो किल्ला आपल्याकडे तोंड करून उभा आहे पोरी. आपण त्याच्याकडे पाठच करून बसलो."

मग मी आणि रूममेट दोघीच गेलो. (हो, तीच. कॉलेजच्या झेंडावंदनाला हजेरी लावून.) रांग लांब होती. आईबाबांच्या खांद्यावर झेंडे घेतलेली पोरं, कॉलेजचे पोट्टे, दूरच्या खेड्यातून आलेले म्हातारे. आत एका जवानाने शांतपणे रस्ता दाखवला. मोठे बुरूज, उंच दरवाजे असं काही नाही. भिंती बसक्या आणि जाड. रूममेटने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आम्ही जे 'लाइन ऑफ साइट' घोकतो ते तिथे उभं राहिल्यावर खरं समजलं. एका बाजूला सिव्हिल लाइन्स. दुसऱ्या बाजूला स्टेशन, मेट्रोचे खांब, आणि त्यापलीकडे जुनं शहर, सगळं उघडं पडलेलं. थिओडोलाइट लावायची गरज नाही. तोफ कुणाकडे वळलेली असेल ते साध्या डोळ्यांना कळतं.

आत नवगजी बाबांची कबर आहे. 1857 च्या उठावात फाशी दिलेल्यांची ती कबर असं सांगतात, लोक तिथे फुलं वाहतात. त्या वर्षी 13 जूनला टाकळीच्या घोडदळाचा नागपुरात उठाव करायचा बेत होता. मद्रासच्या फौजेनं साथ दिली नाही, बेत फसला, आणि फाशी झाल्या. तेव्हा राजघराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांची बाजू घेतली. काळ्या मारबतीची मिरवणूक त्यांच्याशी जोडली जाते ती याचसाठी. तान्ह्या पोळ्याला रस्त्यावर नाचणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

गांधीजींना ठेवलं होतं अशी एक कोठडीही दाखवतात आणि साल सांगतात 1923. मी तारखा जुळवून पाहिल्या. मार्च 1922 पासून फेब्रुवारी 1924 पर्यंत गांधीजी येरवड्याच्या कैदेत होते. मग 1923 मध्ये ते बर्डीला कसे? मात्र 1923 मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, हे पक्कं. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती, ती मोडायला देशभरातून सत्याग्रही आले. जमनालाल बजाज पुढे होते, नंतर वल्लभभाई पटेल आले. हजाराच्या वर लोकांनी तुरुंग भोगला. मला वाटतं, लोकांच्या आठवणीत त्या सगळ्या सत्याग्रहींचं मिळून एकच नाव उरलं असावं. पण त्यामुळे ज्यांनी खरंच झेंडा धरला त्यांची नावं मागे पडतात. ते बरं नाही.

संध्याकाळी महालात गेले तर आजोबा दारातच बसले होते. म्हणाले, "मग? वरून आपलं घर दिसते का?" मी म्हटलं, "घर नाही दिसत आजोबा, पण आपल्या बाजूचं सगळं शहर दिसतं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता वर कोणाची पोरं आहेत?" मी सांगितलं, आपलीच. मला रस्ता दाखवणारा जवान बोलण्यावरून यवतमाळकडचा वाटत होता. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण चहा परत मागवला.

तेव्हा मला माल्बोर्क आठवला. तोही परक्यांनीच बांधलेला. 1945 मध्ये युद्धात तो निम्म्याहून जास्त उद्ध्वस्त झाला. पोलंडच्या लोकांनी 'बरं झालं, शत्रूचा किल्ला पडला' म्हणून तो सोडून दिला नाही. वीट वीट लावून परत उभा केला आणि 1997 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. त्यांनी किल्ला ठेवला आणि तो कुणी, कशासाठी बांधला तेही सांगितलं. दोन्ही एकत्र करता येतं.

आपल्याला मात्र दोनच गोष्टी जमतात. एकतर आजोबांसारखं पाठ करून बसायचं, नाहीतर 'आपल्या राजानेच बांधला' म्हणून खोटा अभिमान धरायचा. मला तिसरी गोष्ट हवी आहे. ही टेकडी आपण हरलो ती जागा आहे, आणि ते सांगायला लाज कशाला? लढाईत दोन्हीकडून मेले ते बहुतेक गरिबांचे पोरगेच. कंपनीकडून मद्रासचे, बंगालचे शिपाई, आपल्याकडून पोटासाठी आलेले अरब आणि आसपासच्या गावांतली माणसं. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, त्यांना वारस नाही म्हणून 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्यच खालसा केलं. तेव्हा एक गोळीही झाडावी लागली नाही. इतकी वर्षं शहराकडे तोंड करून उभ्या असलेल्या किल्ल्याचा तोच तर उपयोग होता.

रूममेट आता बर्डीच्या किल्ल्याला किल्ला म्हणते. फक्त "आमचे गड वेगळे" हे जोडून! त्यावर माझी हरकत नाही, वेगळेच आहेत.

तर हॉस्टेलच्या मैत्रिणींनो, मित्रांनो, आणि सुट्टीच्या दिवशी घरी झोपणाऱ्या आदरणीय सरांनो, येत्या 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खा आणि रांगेत लागा. ओळखपत्र जवळ ठेवा, जवान सांगतील तिथेच फिरा. वर गेल्यावर आधी पूर्वेकडे बघा. मी मामाला स्कूटरसाठी सांगून ठेवलंय. आजोबांना विचारलं तर या वेळी 'नाही' म्हणाले नाहीत. "पाऊस नसला तर पाहू," म्हणाले.